‘ताई, शंभर झाल्या!’ : मुलांसाठी हस्तकला शोधताना

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘बैठकीला येणारी मुलं’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला विषय दिला गेला तो असा : बायकांबरोबर बैठकीला येणाऱ्या मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी चित्रकला-हस्तकलेचे काही उपक्रम सांगा. पत्र आलं तेव्हा त्यातल्या ‘गुंतवून ठेवण्यासाठी’ या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. का मारली ते पुढे सांगते. उपक्रमही सांगणार आहे, काळजी करू नका. पण नुसती यादी घेऊन तुम्ही गावी गेलात तर माझ्यासारख्याच फसाल, म्हणून आधी मी कशी फसले ते ऐका.

मी सोलापुरात विडी कामगार बायकांच्या वस्तीत अकरा वर्षं काम करते आहे. आमच्या बैठकीचं चित्र असं : बाया भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू. तोंडाने रेशनकार्डाबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलणं चालू आणि हात विड्या वळताहेत. हात थांबले तर संध्याकाळी कारखान्यात माल कमी भरतो. आणि भोवती मुलं. दारात, खिडकीत, आयांच्या पाठीवर. एखादी बाई धीर करून काही सांगू लागली की नेमकं कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढणार, रडारड, आणि ती बाई गप्प. ती पुन्हा बोलायला महिना लागणार.

तेव्हा मी नवी होते. सगळ्यात लहान आणि एम.एस.डब्ल्यू. झालेली. सीनियर ताई म्हणाल्या, “तू मुलांना घेऊन बस गं मागच्या खोलीत.” खरं सांगते, मला राग आला. आपण काय मुलं सांभाळायला शिकलो का? म्हणजे जी मी बायकांच्या श्रमाला प्रतिष्ठा द्या म्हणून सांगत हिंडायची, तिलाच मुलं सांभाळणं कमीपणाचं वाटत होतं! असो.

मी बाजारातून रंगवायची चित्रं आणली. छापील. त्यात एक बर्फाचा माणूस होता, गळ्यात लोकरीचा पट्टा घातलेला. बाहेर सोलापूरचा एप्रिल. मुलांनी विचारलं, “हे काय आहे?” मी समजावून सांगितलं. मुलं तीसेक आणि खडूची पेटी एक, तीही अर्ध्या तासात संपली, कारण लहान्यांनी खडू खाल्ले. नंतर दुकानात हस्तकलेच्या तयार पेट्या पाहिल्या. चमकी, मणी, कापलेले कागद, सगळं आत. एका पेटीची किंमत एका आईच्या दिवसभराच्या मजुरीहून जास्त, आणि त्यात एका मुलाचं एकच फूल होणार, तेही वरच्या चित्रात दाखवलंय तसंच.

मग मी वाचायला लागले. तिथे ताराबाई मोडक भेटल्या. आपल्यातल्या पुष्कळ जणींना नाव माहीत आहे, पण आपण त्यांना ‘बालशिक्षणवाल्या’ म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकतो. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेली ही बाई १९४५ साली बोर्डीला आली. मॉन्टेसरीचं साहित्य फार महाग, खेड्यातल्या आदिवासी मुलांना ते कुठलं परवडणार? तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या, जे परिसरात पडलेलं होतं तेच साहित्य झालं. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. १९७५ साली सरकारची योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई. लहान मुलांचं काम हे बायकांच्या चळवळीबाहेरचं, असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरा सावकाश वाचावा.

तर मी ‘परिसरातलं साहित्य’ हा मंत्र घेऊन वस्तीत आले. आता आमच्या परिसरात काय? समुद्र नाही, जंगल नाही. आमच्या परिसरात घरोघरी ढिगाने पडलेली एकच गोष्ट : पान कापून उरलेले तेंदूचे तुकडे. मला वाटलं, वा! फुकट आहेत, तपकिरी-हिरवे सुंदर रंग आहेत, कागदावर चिकटवून पक्षी होतील, झाडं होतील. मी दोन पोती गोळा केली.

मुलींनी पोतं पाहिलं आणि त्या निमूटपणे खाली बसल्या. मांडी घालून, ओळीत. एकीने विचारलं, “कात्री कुठंय?” पक्षी वगैरे मी बोलत होते, पण त्यांच्या हातांनी ते पान ओळखलं होतं. शाळेतून आल्यावर रोज पान कापायचं, नाहीतर वळलेल्या विडीला दोरा बांधायचा, तेच त्यांना इथेही दिसलं. मुलगे मात्र पोत्याशी खेळायला लागले, कारण त्यांच्या हातांना ते काम माहीत नव्हतं. घरात पान कापायला मुलींनाच बसवतात. शिवाय त्या तुकड्यांना तंबाखूची धूळ लागलेली. दोन मुलं शिंकून बेजार झाली. पोती परत गेली.

कोसबाडच्या मुलाला शिंपला हा खेळ होता. आमच्या मुलीला तेंदूचं पान ही मजुरी आहे. साहित्य स्थानिक आहे, स्वस्त आहे, एवढ्याने भागत नाही. त्या साहित्याशी त्या मुलीच्या हाताचं नातं काय आहे, हे आधी विचारायला हवं. वीटभट्टीवर माती घेऊन जाल, ऊसतोडीच्या तळावर पाचट घेऊन जाल, तेव्हा हे आठवा.

(गोदूताई परुळेकरांचं नाव आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची वसाहत त्यांच्या नावाने आहे. बोर्डी ज्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात येते, त्याच पट्ट्यात त्याच १९४५ साली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते आणि गोदूताई त्यांच्याबरोबर होत्या. एका बाजूला माणसं म्हणताहेत आमचे हात फुकट राबणार नाहीत आणि जवळच त्यांच्या मुलांच्या हाती शिंपले दिले जाताहेत. या दोन गोष्टी मला आता वेगळ्या वाटत नाहीत.)

पण माझी खरी चूक पुढेच आहे.

चार-पाच वर्षांत आमची मागची खोली बरी चालायला लागली होती. दिवाळीच्या आधी एका कंपनीची माणसं आली. त्यांना ‘वस्तीतल्या मुलांनी रंगवलेल्या’ पाचशे पणत्या हव्या होत्या, भेट म्हणून द्यायला. पैसे संस्थेला मिळणार होते. खोलीचं भाडं थकलं होतं. मी हो म्हटलं. अहवालात मी काय लिहिलं तेही सांगते : ‘मुलांच्या कलागुणांना वाव.’

पहिल्या दिवशी मजा आली. कुणी पणतीला डोळे काढले, कुणी आत मासा. दुसऱ्या दिवशी कंपनीकडून नमुना आला, तांबड्यावर पांढरे ठिपके, सगळ्या एकसारख्या हव्यात. तिसऱ्या दिवशी मुलगे गळाले, क्रिकेटला गेले. राहिल्या मुली. आणि त्यातली एक नऊ वर्षांची, तिला मी कधी मान वर करून बोलताना पाहिलं नव्हतं, ती पणत्यांचे पंचवीस-पंचवीसचे गट लावत होती, जशा विड्यांच्या जुड्या लावतात. मला म्हणाली, “ताई, शंभर झाल्या! दोन खराब निघाल्यात माझ्या, काढून टाकू का?”

खराब निघाल्यात! कारखान्यात माल तपासताना आईच्या विड्या बाजूला फेकतात, ते ती पाहत आली होती. तीच भाषा तिने माझ्यासमोर वापरली, आणि ती वापरायची जागा मी तिला दिली होती.

मी काही फार बाणेदारपणे वागले असं नाही. शब्द दिला होता, भाडं द्यायचं होतं. मुलांना घरी पाठवलं आणि उरलेल्या पणत्या आम्ही कार्यकर्त्यांनी दोन रात्री बसून रंगवल्या. म्हणजे ‘मुलांनी रंगवलेल्या’ म्हणून ज्या गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त तिशी-पस्तिशीच्या बायकांनी रंगवलेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी कंपनीला नाही म्हटलं. मग भाड्यासाठी दारोदार फिरावं लागलं आणि आमच्यात वादही झाला.

तो वाद इथे मांडते, कारण तो तुमच्याकडेही होणार. माझी एक सहकारी म्हणाली, “मुलींच्या हातात कला आली, दोन पैसे मिळाले, तर बिघडलं काय? निदान तंबाखूत तर बसत नाहीत.” हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भुकेल्या घरात तो बरोबरच वाटतो. कायदाही इथे धड मदत करत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळण्यासारख्या कामांत मुलांना बंदी केली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी केली, पण शाळा सुटल्यावर कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या कामात मदत करायला सूट ठेवली. ही ‘मदत’ घरात कोण करतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच मला वाटतं, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला शिवण शिकवून मजुरी मिळवून देणं हे एक काम आहे, ते आपण रास्त दराने आणि उघडपणे करावं. नऊ वर्षांच्या मुलीच्या खेळाला त्याचं नाव देऊ नये. १९८९ च्या बालहक्क करारात, ज्यावर भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, एकतिसावं कलम विश्रांती, खेळ आणि कला यांचं आहे. ‘विश्रांती’ हा शब्द तिथे पहिला आहे. आपण बायकांच्या विश्रांतीबद्दल एवढं बोलतो, तर आठ वर्षांच्या बाईबद्दलही बोलू या.

तेव्हापासून मागच्या खोलीत आम्ही काही गोष्टी पाळतो. विकायचं काही करत नाही. मोजत नाही. नमुना दाखवत नाही, निदान आधी दाखवत नाही. केलेली वस्तू मुलाची, त्याने घरी न्यावी, मोडावी, नाल्यात सोडावी. प्रदर्शनासाठी ठेवून घेत नाही. पाहुण्यांना हे आवडत नाही, त्यांना भिंतीवर काहीतरी लागतं. आणि कुणाला काहीच करायचं नसेल तर तिने पडून राहावं. ती पणत्यांवाली मुलगी पुढे चार-सहा आठवडे चटईवर नुसती झोपली होती. मी तिला उठवलं नाही. मला वाटतं, इतक्या वर्षांत मी केलेलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम असेल.

आता उपक्रम. तुम्ही वह्या उघडल्याच आहेत.

आमच्या खोलीतला सगळ्यात लाडका खेळ हळदीचा. कुठलाही जाडसर पांढरा कागद घ्या, पाण्यात कालवलेल्या हळदीचा बोळा त्यावर फिरवा, वाळू द्या. मग काडी साबणाच्या पाण्यात बुडवून चित्र काढा. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. चुन्यानेही होतं आणि चुना आमच्या वस्तीत घरोघरी असतो, पण तो डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून साबणच. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पुढच्या खोलीतल्या बाया बैठक सोडून पाहायला आल्या. एक म्हातारी म्हणाली, “अगं, कुंकू असंच करायचे की! हळदीला चुना लावून.” त्यावर एक विधवा बाई म्हणाली, “मग आम्हाला काय साबणाचं पाणी बी बंद हाय का?” सगळ्या हसल्या. त्या दिवशी बैठकीचा ठरलेला विषय राहून गेला, पण कुंकवावर जे बोलणं झालं ते आमच्या कुठल्याही शिबिरात झालं नव्हतं. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून हाच खेळ करता येतो. लिंबाने गुलाबी, साबणाने हिरवट.

चिकटवायला मैद्याची खळ. थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा, मंद आचेवर काचेसारखी होईपर्यंत ढवळा. बाइंडर लोक त्यात मोरचूद टाकतात, आपण टाकायचा नाही, तो विषारी आहे. खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा. बिया गोळा करताना गुंजा आणि एरंडी घेऊ नका, दिसायला छान, पण विषारी. तीन वर्षांखालच्यांच्या हाती मणी, बिया, काही द्यायचं नाही. आमच्याकडे एका पोराने चिंचोका नाकात घातला होता, तो दवाखान्यात काढावा लागला.

माती. काळी माती वाळताना तडकते, त्यात चाळलेली राख नाहीतर भिजवून कुटलेला कागद मिसळा. बेंदराचे बैल सगळ्या गावांत होतात, पण मुलींना सांगा, गाय कर, रेडा कर, आई कर. पुढच्या खोलीत सुपाने झोडपलेल्या हातांनी आया आत येतात आणि माती मळायला मागतात. आधी मी त्यांना परत पाठवायची, “हे मुलांसाठी आहे” म्हणून. आता बसू देते.

कागद आणि टाकाऊ वस्तूंसाठी अरविंद गुप्तांची पुस्तकं घ्या. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, मराठीतही त्यांची पुस्तकं आहेत. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांचे त्रिकोण-चौकोन आमच्या मुलांनी अक्षरशः रात्र पडेपर्यंत केले. इथे एक गंमत सांगते. सुरुवातीला मुलगे हे खेळ पळवायचे, कारण ‘सायन्स’. आणि मुलींकडे रांगोळी. एकदा मी काही न बोलता एका मुलाला ठिपके मोजून दिले. तो म्हणाला, “हे तर गणित आहे!” मुलींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की काय सांगू. आमच्याकडच्या तेलुगू बायका रांगोळीला मुग्गू म्हणतात, ठिपक्यांना वळसे घालत जाणारी न तुटणारी रेघ. कन्नड बायका वाकळीला कौदी म्हणतात. वस्तीत तीन-चार भाषा आहेत, त्यामुळे एकच वस्तू करताना मुलं चार शब्द शिकतात. हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

वारली चित्रं तर आता शाळाशाळांत काढतात. पण मुलांना हेही सांगा, की लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका काढायच्या. १९७० नंतर चित्रं कागदावर आली, बाजारात गेली, तेव्हा पुरुषांची नावं पुढे आली. जिव्या सोमा म्हसे हे मोठे कलावंत होते, त्यात शंकाच नाही. पण भिंतीवरच्या बाईचं नाव कुठेच नाही, हे मुलींना कळू दे.

आता कडेवरच्या बाळांचं. हे कुठल्याच पुस्तकात नसतं. दहा वर्षांची मुलगी भावाला कडेवर घेऊन येते. कात्रीला एक हात लागतो आणि कागद धरायला दुसरा. तिला कुठून येणार हस्तकला? कित्येक महिने मी समजत होते की या मुलींना ‘आवड नाही’. मग आम्ही पाळी लावली : दर अर्ध्या तासाला बाळं दुसऱ्यांकडे, आणि पाळीत मुलगे असणारच. गोंधळ झाला. एक आई भांडायला आली, “माझ्या पोराला बाळं सांभाळायला लावता?” मी म्हटलं, “अक्का, तुमच्या पोरीला कोण लावतं?” ती रागाने निघून गेली. पुढच्या महिन्यात आली, पण आजही तिला ते पटलेलं नाही. मुलगे मात्र शिकले. बाळ रडलं की काय करायचं हे त्यांना आता माझ्यापेक्षा बरं कळतं.

शाळेच्या ‘प्रोजेक्ट’बद्दल थोडंच सांगते. रात्री नऊला मूल सांगतं, उद्या धरणाची प्रतिकृती न्यायची आहे. ती आई करते, विड्या बाजूला ठेवून. शाळेत पालकसभेला जाल तेव्हा हे मांडा.

आणि शेवटचं, समुपदेशन करणाऱ्या मैत्रिणींसाठी. मुलांच्या चित्रांवरून घरातल्या हिंसेचं निदान करायची आपल्याला फार घाई असते. एका मुलाने सगळं घर काळं रंगवलं होतं. मी दोन दिवस अस्वस्थ. शेवटी विचारलं तर म्हणाला, “दुसरा खडू मिळालाच नाही.” चित्र काढताना मूल आपणहून काही सांगेल, तेव्हा हातातलं काम न थांबवता ऐका, खोदून विचारू नका. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, तिथे गुप्ततेचा शब्द मुलाला आधीच देऊन बसू नका. पण त्यासाठी म्हणून चित्र काढून घेऊ नका. ते पुन्हा आपलंच काम झालं.

चहा आलेला दिसतोय. चहानंतर आपण चिंध्यांची बाहुली करणार आहोत. सुई-दोरा नको, नुसत्या गाठींची. जुन्या साड्यांचं गाठोडं दारापाशी ठेवलंय. ज्यांच्याबरोबर मुलं आली आहेत त्यांनी ती घेऊन बसा, आणि बाळं थोडा वेळ मागच्या रांगेतल्या बिनबाळाच्या मैत्रिणींकडे द्या.